लाइट गेल्यावर मुका होणारा फोन

आईकडचा लँडलाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेला. नंबर तोच, फोन तोच, खालचा क्रोशाचा रुमालही तोच. महिनाभराने लाइट गेली आणि फोन मुका झाला. "फोनला कधीपासून रे लाइट लागायला लागली?" आईचा प्रश्न रास्त होता.

वीज जुन्या फोनलाही लागायचीच, फक्त ती आपल्या मीटरमधून येत नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तारेवरून घरात यायचे, त्यामुळे अख्खी गल्ली अंधारात असली तरी डायल टोन हजर. फायबरमधून येतो तो नुसता प्रकाश. काचेतून वीज वाहत नाही.

मग फोनला वीज देतं कोण? भिंतीवरचा लुकलुकणारा डबा. फायबर त्यात येऊन संपते, तो घरच्या विजेवर चालतो, आणि त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्या मागे इंटरनेटच्या केबलसाठी रुंद भोकं असतात आणि शेजारी एक अरुंद भोक. त्या अरुंद पोर्टचं नाव एफएक्सएस. त्याचं काम म्हणजे चक्क सोंग आणणं: आपण एक्स्चेंज आहोत असं फोनला भासवायचं. डायल टोन तोच काढतो, घंटा वाजवायला लागणारा विजेचा दाबही तोच देतो. ऑफिसांत हेच काम करणारी सुटी डबी मिळते, तिला एटीए म्हणतात. आयपी फोन, म्हणजे मुळातच नेटवर्कसाठी बनवलेला फोन, असेल तर हा मधला दलाल लागत नाही. तो थेट नेटवर्कच्या केबलला जोडतात, आणि पीओईची सोय असेल तर वीजही त्याच केबलमधून घेतो.

खरी गंमत आवाजाची आहे. डबा तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक माप एका बाइटमध्ये लिहितो. या पद्धतीला, म्हणजे कोडेकला, जी.७११ म्हणतात. २० मिलिसेकंदांची मापं साठली की त्यांचं एक पाकीट होतं: आत १६० बाइट आवाज, वर ४० बाइटांचा पत्ता-बित्ता. "हॅलो" म्हणायला अर्धा सेकंद धरला तर २५ पाकिटं रवाना होतात. जी.७२९ हा काटकसरी कोडेक आवाज २० बाइटांत बसवतो, पत्ता मात्र ४० बाइटांचाच राहतो. पत्रिका एवढीशी आणि पाकीट जाडजूड!

ही पाकिटं निघतात ठरावीक अंतराने, पोचतात मात्र कशीही. त्या विस्कळीतपणाला जिटर म्हणतात. त्यावर उपाय म्हणून पलीकडचा डबा पाकिटं क्षणभर थोपवून, ओळीत लावून मग वाजवतो. फार थोपवली तर बोलणं रेंगाळतं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर सहसा जाणवत नाही, त्यापुढे गेला की दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. उशिरा आलेलं पाकीट सरळ फेकून देतात. पंगत उठल्यावर जिलबी आणून काय करायचं? म्हणूनच हरवलेलं पाकीट पुन्हा मागवत बसणाऱ्या टीसीपी या पद्धतीऐवजी इथे सहसा यूडीपी, म्हणजे पाकीट पाठवून मोकळी होणारी पद्धत, वापरतात.

घंटा वाजवणं, फोन उचलल्याचं कळवणं, ठेवल्याचं सांगणं हा निरोप्याचा कारभार वेगळा. तो एसआयपी नावाच्या नियमावलीकडे, आवाजाची ने-आण आरटीपी नावाच्या दुसरीकडे. दोघांच्या वाटा निराळ्या असू शकतात. इंटरनेटवरून फोन करताना घंटा नीट वाजते, फोन उचललाही जातो, पण एकाच बाजूला ऐकू येतं, त्याचं कारण बरेचदा हेच. निरोप्या पोचलेला असतो, आवाज मात्र वाटेतल्या राउटरच्या दारात अडकलेला असतो.

आईसाठी डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा डबा चालू राहिला, पण फोन मुकाच. कारण फोन कॉर्डलेस, आणि त्याच्या बैठकीचा प्लग साध्या सॉकेटात! शेवटी माळ्यावरून तबकडीचा फोन काढला. तो डब्याच्याच विजेवर चालला, घंटाही जरा अशक्त का होईना, वाजली. पण नंबर काही लागेना. तबकडी फिरताना तारेतला प्रवाह टकटक तोडते, आणि या डब्याला ती टकटक कळत नाही. त्याला बटणांचे सूरच लागतात.

"येतो ना फोन? मग झालं," आई म्हणाली. "लाइट गेल्यावर मी कुणाला करतेय?"