आधी सबस्टेशन, मग सातबारा: सांगली-साताऱ्यात मोठ्या सौर प्रकल्पाची ग्रीड जोडणी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यात माळ मोकळे आहेत आणि ऊनही भरपूर. एका मेगावॅटला ४ ते ५ एकर जागा लागते, ती मिळतेही. प्रकल्प अडतो तो सबस्टेशनच्या दारात. म्हणून जमिनीचा इसार देण्याआधी महावितरणच्या उपविभागात जाऊन चार गोष्टी लिहून घ्या. रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) किती एमव्हीएची (क्षमतेचे एकक, ढोबळमानाने मेगावॅटइतके) आहेत? त्यांवर दुपारी १२ ते २ लोड किती असतो? त्याच सबस्टेशनवर आधी किती मेगावॅट मंजूर झाले आहेत? नव्या बेसाठी, म्हणजे तुमची लाइन जोडण्याच्या स्विचच्या कप्प्यासाठी, यार्डात जागा आहे का?

लोड विचारताना एप्रिलचा आकडा घेऊन समाधान मानू नका. चांगला पाऊस झालेल्या वर्षातली ऑक्टोबरची दुपार पाहा. शेतीपंप बंद, आभाळ निरभ्र आणि पॅनेल पूर्ण जोमात. ५ एमव्हीएचे एकच रोहित्र, फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर) जेमतेम १ मेगावॅट लोड आणि ६ मेगावॅट निर्मिती असेल, तर उरलेली वीज रोहित्रातून उलटी ३३ केव्हीकडे जाते. ती ५ मेगावॅट भरते, म्हणजे रोहित्र काठोकाठ भरते आणि काहीच वाव उरत नाही. पुढचे १३२/३३ केव्हीचे रोहित्रही भरलेले असेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

दुसरी अडचण व्होल्टेज वाढण्याची. २ मेगावॅटचा प्रकल्प ५ किलोमीटर लांबीच्या ११ केव्ही लाइनने जोडला आणि तारा ‘रॅबिट’ (बारीक जाडीच्या) असल्या, तर प्रकल्पाच्या टोकाला सुमारे ४९० व्होल्ट, म्हणजे साधारण साडेचार टक्के वाढ होते. ‘डॉग’ ही जाड तार वापरली तर ती अडीच टक्क्यांच्या आत राहते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की इन्व्हर्टर ऐन दुपारी बंद पडतात. तारेचा खर्च वाचवायला जाऊ नका.

अर्ज कुठे करायचा ते व्होल्टेजवर ठरते. ११ आणि ३३ केव्हीसाठी महावितरण, १३२ केव्ही आणि त्यावर महापारेषण (राज्याची पारेषण कंपनी). ३३ केव्हीची लाइन २०० अँपिअरला सुमारे ११ एमव्हीए नेते, त्याहून मोठ्या प्रकल्पाने सुरुवातीपासून अतिउच्चदाबाचाच (१३२ केव्ही आणि वरचा) विचार करावा.

पात्रता वीज कुणाला विकायची यावर अवलंबून आहे. पीएम-कुसुम या केंद्राच्या शेती-सौर योजनेच्या घटक ‘अ’मध्ये शेतकरी, शेतकरी गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायत, पाणीवापर संस्था येतात. क्षमता ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट आणि जागा सबस्टेशनपासून ५ किलोमीटरच्या आत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये विकासक निविदेतून येतो आणि जमीनमालकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढीसह मिळते. कारखान्याला हरित खुल्या प्रवेशातून (ग्रीन ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून थेट ग्राहकाला) वीज विकायची, तर त्या ग्राहकाची करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) किमान १०० किलोवॅट हवी.

अर्जासोबत कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटी, संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र द्यावे लागते. तांत्रिक बाजूला एकरेषीय आकृती (प्रकल्पाच्या विद्युत जोडणीचा सोपा आराखडा), इन्व्हर्टर व रोहित्राची माहितीपत्रके आणि लाइनच्या मार्गाचा नकाशा अक्षांश-रेखांशासह. जमिनीचे ७/१२, ८अ, फेरफार, मोजणी नकाशा, नोंदणीकृत भाडेपट्टा.

खरी गफलत ७/१२ वरच होते. ‘इतर हक्क’ रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसन कायद्याने हस्तांतरणावर निर्बंध असल्याचा शेरा अनेक गटांवर आहे. भोगवटादार वर्ग २ (विक्री-हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. भाडेपट्ट्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या, मुंबईत राहणाऱ्या भावाचीसुद्धा. एक सही राहिली तर पुढे कर्जाच्या वेळी बँक फाइल परत करते.

अर्ज दाखल झाल्यावर संयुक्त पाहणी, लोडफ्लो अभ्यास (तुमची वीज आल्यावर लाइन-रोहित्रांवर किती भार येईल याचे गणित), मग जोडणीची मंजुरी, अंदाजपत्रक आणि पर्यवेक्षण शुल्क असा क्रम असतो. लाइन रेल्वे किंवा महामार्ग ओलांडत असेल, तर त्या परवानग्यांचे अर्ज मंजुरीची वाट न पाहता तयार ठेवा, सर्वाधिक महिने तिथे जातात.

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर आणि जत-ढालगाव भागात पवनचक्क्यांच्या लाइन आहेत. वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरचा, ऊन फेब्रुवारी ते मेचे. त्यामुळे पवनचालकाशी करार करून तीच लाइन वापरता येते का, हे जरूर तपासा. पण पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवशी दोन्ही एकदम चालतात. त्या तासांत निर्मिती कुणाची आणि किती कमी करायची, ते करारात आकड्यांत लिहा.

शेवटी विद्युत निरीक्षकांची तपासणी, एबीटी मीटर (दर १५ मिनिटांची वीज नोंदणारा) आणि राज्य भार प्रेषण केंद्राला (राज्याची ग्रीड चालवणारे नियंत्रण केंद्र) प्रत्यक्ष माहिती पोहोचवणारी यंत्रणा. दर १५ मिनिटांचा एक असे दिवसाचे ९६ भाग धरून निर्मितीच्या अंदाजाचे वेळापत्रक द्यावे लागते, त्यामुळे त्याची व्यवस्था चार्जिंगच्या (लाइनमध्ये पहिल्यांदा वीज सोडण्याच्या) तारखेआधीच करून ठेवा.