भोकं छोटी, ऑपरेशन मोठंच

किडनी शरीरात पार आतल्या कोनाड्यात बसलेली असते. पुढे आतडी, मागे पाठीचे जाड स्नायू, वर बरगड्या. त्यामुळे पूर्वी निकामी किडनी काढायची म्हणजे कुशीवर वीतभर छेद, स्नायूंचे थर कापणं, कधी बरगडीचा तुकडाही काढणं. जेमतेम दीडशे ग्रॅमच्या अवयवासाठी एवढी तोडफोड! किडनीचं दुखणं जाई, पण छेदाचं दुखणं मागे राही.

1869 मध्ये हायडेलबर्गच्या गुस्ताव सिमोन यांनी पहिल्यांदा ठरवून किडनी काढली, तेव्हा खरी धास्ती वेगळीच होती. एका किडनीवर माणूस जगेल का? त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, मग एका बाईंची किडनी काढली. बाई जगल्या. पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून किडनी निघायला मात्र 1990 साल उजाडलं. अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये राल्फ क्लेमन यांच्या चमूने 85 वर्षांच्या आजींची गाठ असलेली किडनी तशी काढली.

मुठीएवढा अवयव बोटभर रुंदीच्या भोकातून बाहेर येणार कसा? क्लेमन यांनी ती पोटातच एका भक्कम पिशवीत भरली, पिशवीतच तिचे बारीक तुकडे केले आणि ते ओढून घेतले. आज कॅन्सरची शंका असेल, तर किडनी सहसा अख्खीच काढतात. पेशी सांडायला नकोत आणि तपासणीला नमुना धड मिळायला हवा. त्यासाठी ओटीपोटावर काही सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथे स्नायू कापावे लागत नाहीत म्हणून तो फार सतावत नाही.

पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि आत तर विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवायचा असतो. शिवाय तो रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, ही तक्रारही याच वायूमुळे. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल डिवचलं जातं, आणि त्याची नस खांद्याच्या नसांसोबतच मानेतून निघते.

कसोटी लागते ती रक्तवाहिन्यांपाशी. दोन्ही किडन्यांमधून मिनिटाला लिटरभर रक्त वाहतं. आधी रक्त आणणारी रोहिणी बंद करायची, मग रक्त नेणारी नीला. उलट केलं तर रक्त येत राहतं, जायला वाट नाही, आणि किडनी फुगून बसते.

पोटाच्या पोकळीत न शिरता पाठीमागूनही जाता येतं. तिथे मोकळी जागाच नसते, ती करावी लागते. मुंबईच्या डॉ. दुर्गा गौर यांनी 1992 मध्ये त्यासाठी हातमोज्याच्या बोटाचा फुगा रबरी नळीला बांधला आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पंपाने फुगवला. मला या सगळ्या कहाणीत हा जुगाड सर्वांत आवडतो.

आता नावाची गंमत. कॅन्सर नसताना किडनी काढण्याला डॉक्टर ‘सिंपल’ नेफ्रेक्टॉमी म्हणतात. प्रत्यक्षात घाम फोडते ती बऱ्याचदा हीच. वर्षानुवर्षांचे खडे, पू किंवा क्षयरोग यांमुळे किडनी आतड्यांना, मोठ्या रक्तवाहिन्यांना घट्ट चिकटलेली असते. थर सुटतच नाहीत. अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवून सरळ पोट उघडणं हा पराभव नव्हे. रुग्ण सही करतो त्या संमतीपत्रावर ही शक्यता आधीच लिहिलेली असते.