जप करणाऱ्याच्या शरीरात काय घडतं?

मॉरिशसमधल्या मराठी हिंदू समाजातल्या ७५ जणांना संशोधकांनी मुद्दाम थोडं टेन्शन दिलं: लोकांसमोर भाषण करायचंय, तयारी करा. मग काहींना देवळात जाऊन आपली नेहमीची पूजा करायला सांगितलं आणि बाकीच्यांना तेवढा वेळ निवांत बसायला. २०२० साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूजा करून आलेल्यांना धास्ती कमी वाटत होती. ती नुसती वाटण्यापुरती नव्हती, हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदीतही तिचा उतार दिसला. रिकामं बसलेल्यांपेक्षा तो जास्त होता.

ठोक्यांवरून ताण कसा कळतो? निरोगी हृदयाचे दोन ठोक्यांमधले अंतर कधीच अगदी सारखं नसतं. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. मेंदूतून निघून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हा लगाम सांभाळते. माणूस धास्तावला की तिची पकड सुटते आणि ठोके एकसुरी होतात.

या नसेपर्यंत पोहोचण्याचा सोपा मार्ग म्हणजे श्वास. इथे मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००१ सालचा इटलीतला प्रयोग. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्रही. एक ख्रिस्ती, दुसरा बौद्ध. दोन्हींत श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो बारा ते वीस असतो. रक्तदाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक नैसर्गिक लाट येते. मिनिटाला सहा श्वास म्हणजे नेमका तोच ताल. श्वास आणि ही लाट जुळली, की रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख होते. ‘श्वास हळू घ्या’ असं त्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं. ओळीची लांबीच ते काम करत होती. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन परंपरा एकाच तालावर येऊन थांबल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

विधी सगळ्यांनी मिळून केला, की आणखी काही घडतं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथे चालणाऱ्यांच्या आणि बाजूला बसून पाहणाऱ्या त्यांच्या आप्तांच्या हृदयगतीचा चढउतार जुळलेला आढळला. अनोळखी पाहुण्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. अमेरिकेत सुमारे ७४ हजार परिचारिकांचा १६ वर्षं मागोवा घेतला गेला. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा सामूहिक प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३३ टक्क्यांनी कमी निघालं. त्यामागे सोबत मिळणं, धूम्रपान कमी असणं, नैराश्य कमी असणं अशीही कारणं होती. आणि हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, एवढं ध्यानात असावं.

विधी कुठे जास्त उपयोगी पडतो, हा खरा प्रश्न. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले. किनाऱ्याजवळच्या संथ पाण्यात मासेमारीला जाताना तिथले लोक कसलाच विधी करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाची खात्री नाही, तिथे जाण्याआधी मात्र सगळं यथासांग व्हायचं. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्रायलमधल्या महिलांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं. युद्धक्षेत्रातच राहिलेल्यांपैकी स्तोत्रपठण करणाऱ्यांची चिंता कमी होती. सुरक्षित भागात निघून गेलेल्यांना त्याच पठणाचा तसा फायदा दिसला नाही. त्यांच्या अडचणी घर, पैसा, रोजची सोय अशा होत्या, आणि त्या हातपाय हलवूनच सुटणाऱ्या होत्या. बॉम्ब कुठे पडेल, हे मात्र कोणाच्याच हाती नसतं. अशा वेळी पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असलेली एक क्रिया मनाला धरायला मिळते.

म्हणूनच विधी औषधाच्या जागी बसवू नये. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा समावेश होता. त्यांच्यातल्या काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. गुंतागुंत त्यामुळे कमी झाली नाही. उलट, ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ती ५९ टक्के होती, तर ज्यांना खात्री दिली नव्हती त्यांच्यात ५१-५२ टक्के. बहुधा आपली तब्येत एवढी गंभीर आहे का, या विचारानं ते धास्तावले असावेत. स्वतः जप केला की श्वास बदलतो. दुसऱ्यानं आपल्यासाठी केला तर तो बदलणार कसा?

श्रद्धेची दुसरी बाजूही मोजली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी २००१ मध्ये आजारी वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवानं आपल्याला टाकलं, शिक्षा दिली, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. आजारी माणसाला ‘कुठल्या पापाचं फळ’ म्हणून विचारणारे नातेवाईक त्याच्यावर नेमका हाच भार टाकत असतात.