पोच न मिळणारं काम

सुतार चौकट बसवतो, दार दोनदा फिरवून बघतो. नीट लागलं की त्याचं त्यालाच कळतं. तिसरीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी शिकवणाऱ्या बाईंना मात्र ती कुठवर पोचली हे बहुधा कधीच कळत नाही. पोरगं चौथीत जातं, मग हायस्कुलात, मग पुण्याला कंपनीत. वजाबाकी त्याच्याबरोबर जाते. बाई तिथेच, पुन्हा नव्या तिसरीसमोर.

मग नोकरीच्या पंधराव्या-विसाव्या वर्षी एका संध्याकाळी त्या घरी येऊन म्हणतात, ‘आपण शिकवतो त्याने कुणाचं काही होतं का हो?’

या प्रश्नाला मानसशास्त्रात जागा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात झपाटून काम करणारी माणसं हळूहळू विझत जाताना हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी पाहिली आणि १९७४ साली त्या अवस्थेवर ‘बर्नआउट’ या नावाने निबंध लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी ती मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते या अवस्थेची अंगं तीन. मन पार रिकामं होणं हे पहिलं. दुसरं, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं. पोरांची नावं ओठांवर न येता ‘ती मागच्या बाकावरची टोळी’ असं तोंडून निघायला लागतं. आणि तिसरं, आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. बाईंचा प्रश्न हा या तिसऱ्या अंगाचा. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे दोष बाईंच्या मनाच्या कमकुवतपणावर ढकलता येत नाही.

आता कौतुकाकडे. ‘तुम्ही छान शिकवता’ असं कुणी म्हटलं की आत्मविश्वास वाढतो आणि माणूस उभा राहतो, असं आपण धरून चालतो. पण अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की ‘मला हे जमतं’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काही जमवून दाखवल्याने. दुसऱ्याच्या शब्दांनी आलेला विश्वास त्या मानाने लवकर ओसरतो. मग कौतुक नेमकं करतं काय?

ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०१० च्या प्रयोगात एका विद्यार्थ्याचा नोकरीचा अर्ज तपासून दिलेल्यांपैकी निम्म्यांना ‘तुमच्या सूचना मिळाल्या’ एवढीच कोरी पोच गेली, उरलेल्यांना सोबत मनापासून आभार. त्याने पुन्हा मदत मागितल्यावर पहिल्या गटातले ३२ टक्के तयार झाले, दुसऱ्यातले ६६ टक्के. (जिनो यांच्यावर पुढे इतर काही निबंधांतले आकडे फिरवल्याचा ठपका आला, तो त्यांनी नाकारला. हा निबंध त्यांत नव्हता, तरी आकडे जपूनच घ्यावेत.) मला त्या प्रयोगातला दुसरा भाग जास्त विचार करायला लावतो. आभारांमुळे मदत वाढली ती ‘मी हुशार आहे’ असं वाटून नव्हे. ‘माझं असणं कुणाच्या तरी कामी आलं, कुणाला त्याची किंमत आहे’ असं वाटून.

ग्रँट यांच्याच २००७ च्या अभ्यासाची दिशाही तीच. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने तपासलं तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता. कुणी त्यांची स्तुती केली नव्हती. काम कुठे पोचतं तेवढं दिसलं होतं.

खुद्द शिक्षकांवरचा एक अभ्यास फिनलंडमधला आहे, ८०५ शिक्षकांचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. वरिष्ठांचा आधार, शाळेतलं वातावरण, कामाची घेतली जाणारी दखल, या गोष्टींचा कामातला उत्साह टिकायला उपयोग सर्वाधिक दिसला तो जिथे मुलं जास्त त्रास देत होती तिथे. म्हणजे शांत वर्गातल्या सरांना शाबासकी आवडते, पण दंगेखोर वर्गातल्या सरांना ती टेकू देते. माहिती एकाच वेळी भरून घेतलेली असल्यामुळे कारण कोणतं नि परिणाम कोणता हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. उत्साही शिक्षकालाच दखल जास्त मिळत असेल, असंही असू शकतं.

आपल्याकडे दखल घ्यायची रीत म्हणजे शाल-श्रीफळ आणि निरोप समारंभ. निरोप समारंभात अश्रू खरे असतात, पण तोवर नोकरी संपलेली असते. पुरस्कारासाठी तर शिक्षकाने स्वतःच फोटो आणि दाखले जोडून अर्ज करायचा. आपणच आपली पोच लिहायची आणि वर सही दुसऱ्याची घ्यायची, असा तो प्रकार.

आणि शाबासकीने फाइली कमी होत नाहीत. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. कुठल्याही गुरुजींना त्यांची आजची कामं विचारून बघा. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांच्या १९९६ च्या मांडणीत श्रमाच्या मोबदल्यात तीन गोष्टी येतात: पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती. पारडं सतत श्रमाकडे झुकलं की प्रकृती बिघडते. शिक्षणसेवकाला सुरुवातीची तीन वर्षं पगाराऐवजी जे मिळतं त्याला आपण ‘मानधन’ म्हणतो. शब्द मोठा बेरकी आहे.

मग माजी विद्यार्थी लिहीत का नाहीत? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि ती मिळणाऱ्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल आणि आनंदही बेताचाच होईल. दोन्ही अंदाज चुकले. लिहिणारे शब्द नीट जुळतील का या काळजीत होते. वाचणाऱ्यांचं लक्ष होतं जिव्हाळ्याकडे. तेव्हा ‘बाई, हातचा घ्यायला तुम्हीच शिकवलंत’ एवढं एका ओळीत पाठवलं तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर बाई लाल पेनाने खूण करतील, एवढंच.