जराचिकित्सा प्रशिक्षण, भारतातलं

वयस्कर पेशंटला तपासायचं कसं, औषध किती द्यायचं, कुठलं थांबवायचं आणि घरी पाठवताना काय सोय बघायची, हे इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांना शिकवणं म्हणजे जराचिकित्सा प्रशिक्षण. कॉलेजात सगळे जेरियाट्रिक्सच म्हणतात. भारतात ६० च्या पुढचा माणूस ज्येष्ठ धरला जातो, इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ६५ च्या पुढचा. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे असे लोक १० कोटींच्या थोडे वर होते, म्हणजे ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ आणि गोव्यात ११.२ टक्के. रात्री दोन वाजता आजोबा सलाईनची सुई उपटून बेडवरून उतरायला लागतात तेव्हा तिथे हजर असतो तो जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, स्पेशालिस्ट नसतो, त्यामुळे हे शिक्षण थोड्या एमडी जेरियाट्रिक्सवाल्यांपुरतं ठेवून भागत नाही, मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, सगळ्यांच्या ज्युनियरला ते लागतंच.

उगम : सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. आपल्याकडचे बरेच लेखक थेट आयुर्वेदापासून सुरू करतात आणि त्याला आधार आहे, अष्टांग आयुर्वेदात रसायन हे एक अंग आहेच आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आठ अंगं मोजताना 'जरा' (म्हातारपण) असाच शब्द आलाय (या ग्रंथाचा काळ साधारण सहावं-सातवं शतक धरतात, काही जण थोडा मागेपुढे). पण रसायनाचा भर म्हातारपण लांबवण्यावर, बळ आणि बुद्धी टिकवण्यावर आहे, आधीच थकलेला, चार आजार एकदम असलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा उभा कसा करायचा हा तिथला मुख्य प्रश्न नाही. त्यामुळे परंपरा म्हणून त्याची नोंद घ्यावी पण आजच्या प्रशिक्षणाची मुळं तिथे दाखवू नयेत, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

दुसरा गट पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलातल्या डॉक्टर शार्कोकडे बोट दाखवतो, म्हाताऱ्या माणसांच्या आजारांवरची त्याची व्याख्यानं १८६७ च्या सुमाराला छापली गेली. तिसरा गट न्यूयॉर्कच्या डॉक्टर इग्नाट्झ नॅशरकडे जातो, त्याने १९०९ मध्ये या शाखेला नाव दिलं आणि १९१४ मध्ये मोठं पुस्तक काढलं, लहान मुलांसाठी वेगळी शाखा आहे तशी म्हाताऱ्यांसाठी पण पाहिजे हा त्याचा मुद्दा. हे दोघं महत्त्वाचे आहेतच. पण वार्डात, टीम घेऊन, शिकवता येईल अशी पद्धत बसवली ती मार्जरी वॉरन या ब्रिटिश डॉक्टरने. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारचं गरिबांसाठीचं जुनं इस्पितळ ताब्यात घेतलं, तिथे शेकडो माणसं वर्षानुवर्षं पडून होती आणि बऱ्याच जणांचं नीट निदानही झालेलं नव्हतं. वॉरनने एकेकाला तपासलं, कोणाला काय जमू शकतं त्याप्रमाणे वेगवेगळं केलं, बेडवरून उठवलं, फिजिओथेरपी सुरू केली, आणि त्यातले कितीतरी चालत घरी गेले. १९४३ आणि १९४६ मधल्या तिच्या लेखांत हे काम मोठ्या जनरल हॉस्पिटलातच व्हावं आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना ते शिकवावं असं स्पष्ट मांडलेलं आहे, म्हणून प्रशिक्षणाचा इतिहास लिहायचा तर तो वॉरनपासून लिहिणं योग्य. पुढे ग्लासगोला १९६५ मध्ये या विषयाचं पहिलं प्राध्यापकपद आलं, त्यावर फर्ग्युसन अँडरसन होते, आणि अमेरिकेत मेडिकल कॉलेजातला पहिला स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायला रॉबर्ट बटलरनी सुरू केला.

प्रत्येक ज्युनियरला तोंडपाठ करावे लागतात ते 'जेरियाट्रिक जायंट्स', म्हणजे न हलणं, पडणं, लघवी-संडासवर ताबा न राहणं आणि बुद्धीचा गोंधळ, हे बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश डॉक्टरचे. ते पहिल्यांदा कधी मांडले याबद्दल मात्र पुस्तकापुस्तकात फरक आहे, काही ठिकाणी १९६५ देतात, काही ठिकाणी सत्तरचं दशक, आणि त्यांचं विस्ताराने लिहिलेलं विवेचन १९९२ च्या पुस्तकात येतं. सत्तरच्या दशकापर्यंत कल्पना रुळली होती इतपत म्हणणं सुरक्षित. शिकवताना तारखेपेक्षा मुद्दा महत्त्वाचा, की म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया खोकला-ताप घेऊन येईलच असं नाही, तो 'काल पडली' किंवा 'दोन दिवस जेवत नाहीये' असाही येतो.

भारतात : इथली सुरुवात मद्रासची. ब्रिटनमध्ये शिकून आलेले डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली, नंतर वार्ड आला, आणि साधारण १९९६ पासून मद्रास मेडिकल कॉलेजात एमडी जेरियाट्रिक्स सुरू झालं. नटराजनना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बराच काळ देशात ही एमडी जवळजवळ तिथेच होती, दिल्लीच्या एम्समध्ये ती २०१२ च्या सुमाराला आली, मग वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता वगैरे. ज्या डॉक्टरांना एमडी करणं शक्य नाही त्यांच्यासाठी इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा होता, त्याचा फायदा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांनी घेतला.

मोठा सरकारी धक्का मिळाला तो २०१०-११ च्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाने. यात प्रादेशिक केंद्रांना ३० खाटांचा वार्ड आणि दरवर्षी एमडीच्या २ जागा, जिल्हा रुग्णालयांना १० खाटांचा वार्ड अशी आखणी होती. पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे हॉस्पिटल होतं. आखणी चांगली आहे, पण वार्ड उघडणं आणि त्यात शिकवणारा माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेरियाट्रिक्स शिकलेले शिक्षकच थोडे, म्हणून बहुतेक कॉलेजांत हे मेडिसिनच्या युनिटवर सोपवलं जातं आणि रोजच्या अ‍ॅडमिशनच्या रेट्यात मागे पडतं.

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून आलेल्या अभ्यासक्रमात मेडिसिनखाली जेरियाट्रिक्स वेगळा टॉपिक म्हणून आहे, त्यात २२ कौशल्यं दिलीत. म्हणजे कागदावर विषय आलेला आहे. पण लाँग केसला, म्हणजे परीक्षेत एक पेशंट पूर्ण तपासून मांडायचा असतो त्यात, मुलांना जलोदर, लकवा, हृदयाची झडप हेच मिळणार हे माहीत असतं, आणि परीक्षेत येत नाही ते वार्डात कोणी मनापासून बघत नाही. इथे बदल झाल्याशिवाय बाकीचं फारसं हलणार नाही.

काय शिकवतात : गाभा म्हणजे सर्वांगीण वृद्ध तपासणी. आजार, औषधं, चालणं, स्मरणशक्ती, मूड, खाणं, नजर, कान, घरात कोण आहे, पैसा कुठून येतो, हे सगळं एका बैठकीत किंवा दोन-तीन बैठकींत बघायचं आणि त्यावरून प्लॅन करायचा. ज्युनियरला सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायची सवय लावतात, 'पंधरा दिवसांपूर्वी आजी काय काय स्वतः करत होत्या?' ८५ वर्षांची बाई आज कॉटवर पडून आहे हे बघून हाऊसमन, म्हणजे वार्डातला ज्युनियर, केसपेपरवर अंथरुणाला खिळलेली असं लिहून मोकळा होतो, पण सून सांगते की गेल्या आठवड्यापर्यंत त्या विहिरीवरून कळशी आणत होत्या, मग चित्रच बदलतं, हा नवा आजार आहे आणि बराचसा बरा होण्यासारखा आहे. मोजमापासाठी कॅट्झची १९६३ ची यादी वापरतात, आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवीचा ताबा, जेवण, पण आपल्याकडे तिला जोड लागते, जमिनीवरून उठता येतं का, भारतीय संडासात बसता येतं का, हे विचारल्याशिवाय घरी काय होणार ते कळत नाही.

चालणं बघायची साधी टेस्ट १९९१ ची आहे, खुर्चीवरून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं आणि घड्याळ लावायचं. शिकवणारा चांगला असेल तर सेकंदांपेक्षा बाकीचं बघायला लावतो, उठताना हात टेकले का, वळताना किती पावलं लागली, पायात काय आहे, साडी लांब आहे का. पडलेल्या प्रत्येक पेशंटचं बीपी आडवं झोपवून पाचेक मिनिटांनी आणि मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी घ्यायचं, वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर कारण शोधायचं. यात काही महागडं नाही, तरी गर्दीच्या ओपीडीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

औषधांवर बराच वेळ जातो आणि तो जायलाच हवा. किडनी किती काम करते त्याचा एक हिशोब प्रत्येक रेसिडेंटला हाताने करायला लावतात, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचा, १९७६ चा : (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ), बाई असेल तर त्याला परत ०.८५ ने गुणायचं. ८० वर्षांची, ४० किलोची आजी, क्रिएटिनिन १.०, लॅबच्या कागदावर नॉर्मल. हिशोब केला तर आकडा येतो साधारण २८, म्हणजे किडनीचं काम बरंच कमी झालंय, स्नायूच इतके झडलेत की क्रिएटिनिन वाढायला जागाच नाही. अशा आजींना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, किंवा शुगरसाठी ग्लिबेनक्लामाइड पूर्ण डोसात दिलं की काय होतं ते कॅज्युअल्टीत दिसतं.

दुसरी शिकवण औषधांच्या साखळीची. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले, सूज उतरायला लघवीची गोळी दिली, लघवी आवरेना म्हणून तिसरी गोळी, त्या तिसरीने तोंड कोरडं आणि डोक्यात गोंधळ, मग झोपेची चौथी. नवीन तक्रार आली की आधी जुन्या गोळ्यांकडे बघायचं, हे अंगवळणी पडायला नातेवाइकांना सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतात, त्यात सर्दीच्या गोळ्या, चूर्णं, शेजारणीने दिलेली पाठदुखीची गोळी, सगळंच निघतं. नको असलेल्या औषधांच्या याद्या आहेत, अमेरिकेतली बीअर्सची १९९१ पासूनची आणि आयर्लंडमध्ये तयार झालेली स्टॉप-स्टार्ट ही २००८ ची, दोन्ही कामाच्या, पण आपल्याकडे काउंटरवर मिळणारी कितीतरी मिश्र औषधं त्यात नाहीत.

डिलिरियम : अचानक आलेला, कमीजास्त होणारा गोंधळ. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडून असलेला कोणाला दिसत नाही, राऊंडला 'आजोबा शांत झोपलेत' असं सांगितलं जातं आणि खरं तर तेच जास्त आजारी असतात. तो ओळखायला १९९० ची कॅम पद्धत किंवा नंतरची ४एटी ही छोटी चाचणी शिकवतात. इथे आपल्याकडचे अनुभवी शिक्षक थोडा बदल करतात आणि तो बरोबर आहे, कारण ४एटीत जन्मतारीख विचारायची असते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची कागदावरची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जून असते, किंवा नसतेच, 'दुष्काळात झालो' एवढंच माहीत. महिने उलटे म्हणायला डिसेंबरपासून सांगितलं की खेड्यातली आजी अडते आणि ज्युनियर तिला नापास करतो, तिलाच फाल्गुन, माघ, पौष असं म्हणायला सांगा, घडाघडा म्हणते. हीच अडचण १९७५ च्या मिनी मेंटल या बुद्धी-स्मरणशक्तीच्या चाचणीची, निरक्षर माणसाला वाक्य लिहायला सांगण्यात अर्थ नाही. त्यावर हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासातून १९९५ मध्ये हिंदी रूप आलं, त्यात लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायला सांगतात.

डिलिरियम टाळता येतो हे मात्र ठामपणे शिकवायला पाहिजे. १९९९ च्या शॅरन इनोय यांच्या अमेरिकन अभ्यासात चष्मा-श्रवणयंत्र देणं, पाणी पाजणं, लवकर उठवून चालवणं, रात्री झोपू देणं एवढ्यावर प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. आपल्या वार्डात हे काम सिस्टर, मावशी आणि नातेवाईक करतात, म्हणून ज्युनियरने त्यांना सांगायला शिकणं हा प्रशिक्षणाचाच भाग. कारण नसताना घातलेला कॅथेटर (लघवीची नळी) रोज सकाळी 'अजून पाहिजे का?' असं विचारून काढणं हेही त्यातच येतं.

महाराष्ट्र आणि गोवा : गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छापलेला अभ्यास इथल्या शिक्षकांनी जरूर वाचावा, सुमारे ८० कुटुंबांत डिमेन्शियाच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांना घरी जाऊन आधार दिला गेला आणि ते काम मुख्यतः थोडं प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या लोकांनी केलं, काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. अल्झायमरसाठी १९९२ पासून काम करणाऱ्या एआरडीएसआय या संस्थेच्या शाखा आपल्या शहरांतही आहेत.

एमबीबीएसच्या मुलांना आता पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक दिली जातात, त्यातल्या बऱ्याच घरांत आजी-आजोबा असतात, आणि तीन-चार वर्षं एकाच माणसाचं चालणं, वजन, गोळ्या बघत राहायची अशी संधी वार्डात कधीच मिळत नाही. एमडी-एमएसच्या रेसिडेंटना तीन महिने जिल्ह्याच्या ठिकाणी काढावे लागतात, तिथे १० खाटांचा वृद्ध वार्ड चालू असेल तर त्यांची ड्युटी तिथेही लावता येते, मात्र राऊंडला बरोबर फिजिओथेरपिस्ट आणि सिस्टर असायला हवी आणि डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या खाली पेशंट आता काय काय स्वतः करू शकतो हे मराठीत लिहिलेलं असायला हवं.