स्टिअरिंग कुरकुरते तेव्हा

जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमधून आवाज येऊ लागला की मालक गॅरेजमध्ये जाऊन तोंडाने त्या आवाजाची नक्कल करून दाखवतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले माझे मेस्त्री ती नक्कल शांतपणे ऐकून घेतात आणि मग एवढेच विचारतात, "आवाज कवा येतोय? गाडी हुबी असताना का चालू असताना?"

या प्रश्नामागे भौतिकशास्त्र आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, तर पोलादात 5,000 मीटरहून अधिक, आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंतचा बहुतेक सांगाडा पोलादाचाच असल्यामुळे चाकाजवळ उमटलेली टकटक अगदी डॅशबोर्डच्या आत झाल्यासारखी वाटते. आवाजाची जागा सांगताना कान असा फसतो. आवाजाची वेळ मात्र तो सहसा चुकवत नाही.

इंजिन चालू असून गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर घूंऽऽ असा सूर येत असेल, आणि ॲक्सिलरेटर दाबताच तो चढत असेल, तर संशय हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या (म्हणजे ऑइलच्या दाबाने हलके होणाऱ्या स्टिअरिंगच्या) पंपावर घ्यावा. टाकीतले ऑइल कमी झाले किंवा सैल पाइपमधून हवा आत गेली, की पंपाला ऑइलबरोबर बुडबुडेही ओढावे लागतात आणि दाबाखाली ते फुटताना हा सूर निघतो. ऑइलचा पुरवठाच तुंबला तर पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की द्रवातच बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 1894 च्या 'टर्बिनिया' या नौकेचा वेग सुरुवातीला याच प्रकारामुळे अडला होता. तिचा पंखा पाण्याऐवजी बुडबुडेच घुसळत होता. टाकीचे झाकण उघडल्यावर ऑइलवर फेस दिसला तर गळती शोधावी. नुसते ऑइल ओतत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे आहे.

स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावरच किंचाळी येत असेल तर बहुधा पंप फिरवणारा पट्टा घसरत असतो, कारण त्या क्षणी पंपावरचा भार सर्वाधिक असतो. तिथे येणारी हलकी सुस्कार मात्र दाब सोडणाऱ्या झडपेची असते आणि ती दोष नाही. फक्त स्टिअरिंग त्या टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये.

चालत्या गाडीत, वळणावर ॲक्सिलरेटर देताना लयीत कटकट येत असेल आणि वेगाबरोबर ती लय वाढत असेल, तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळत्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा, तपासावा. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर उडते आणि पावसाळ्यातला चिखल आत शिरतो. चाकाच्या आतल्या कडेला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर दोषाचे निदान निम्मे झालेच. खड्ड्यांवर खटखट होत असेल तर गाडी उचलून नीट स्टँडवर टेकवावी आणि चाक घड्याळातील 9 आणि 3 च्या जागी धरून हलवावे. तिथे ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) झिजला असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशी गाडी दुरुस्तीआधी रस्त्यावर नेऊ नये.

माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीची तक्रार यांपैकी कशातच बसत नव्हती. पन्हाळ्याच्या चढावरील वळणांवर ती गप्प असे, पण पेठेतल्या अरुंद बोळात पार्किंग करताना दर वेळी टण् असा एकच ठोका देई. स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा, म्हणजे स्टिअरिंग रॅकच गेला, असे मी (वाचीव ज्ञानाच्या जोरावर) ठरवून टाकले होते. मेस्त्रींनी मला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितले आणि स्वतः पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून अलगद तळहात ठेवला. चाक वळत होते, पण स्प्रिंग जागची हलत नव्हती. ती पिळत गेली आणि मग एकदम झटक्याने सुटली. तेल न घातलेल्या झोपाळ्याची कडी करकरते त्यामागचेही कारण हेच असते: स्थिर पृष्ठभागांमधले घर्षण सरकत्या पृष्ठभागांपेक्षा जास्त असते, म्हणून अडकलेली वस्तू ताण साठवते आणि निसटताच तो एकदम सोडते.

दोष स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर धरणाऱ्या खांबाच्या, माथ्यावरच्या बेअरिंगचा निघाला. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली, अलाइनमेंट करून घेतले. काढलेले बेअरिंग मेस्त्रींनी माझ्या हातात दिले. खाचांत धूळ आणि पाण्याचा तपकिरी लगदा बसला होता, आणि बोटाने फिरवू लागलो तर ते थोडे फिरून अडकत होते, पुन्हा थोडे फिरून पुन्हा अडकत होते.