पेशंट मॉनिटरच्या केबलमध्ये नेमकं असतं काय?

आयसीयूतला मॉनिटर वर्षानुवर्षं चालतो, पण त्याच्या केबल्स मधल्या काळात कितीदा तरी बदलाव्या लागतात. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना त्या ओढल्या जातात, बेडच्या चाकाखाली येतात, ड्युटी संपताना कुणीतरी हँडलला गच्च गुंडाळून ठेवतं. त्यामुळे रिप्लेसमेंट केबल बनवणं हा जगभर एक वेगळा धंदाच झालाय, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा हे पुष्कळदा केबलवर ठरतं.

ईसीजीचंच बघा. छातीवर मिळणारा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा, आणि चारही बाजूंनी ५० हर्ट्झच्या मेन्स लाइनचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, गोंगाट. म्हणून तारेभोवती तांब्याची जाळी असते, पण तेवढ्याने भागत नाही, केबल वाकली की इन्सुलेशन आणि जाळी एकमेकांवर घासतात, त्यातून चार्ज तयार होतो आणि पेशंटने नुसती कूस बदलली तरी स्क्रीनवर अशा लाटा येतात की बघणाऱ्याला ठोके बिघडल्यासारखे वाटावेत. यावर उपाय म्हणून चांगल्या केबलमध्ये इन्सुलेशनवर कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकचा पातळ थर देतात, चार्ज साठण्याआधीच वाहून जातो. हा थर गाळून केबल स्वस्तात विकली तर बाहेरून अजिबात कळत नाही.

शॉक देतात तेव्हा तर केबलची खरी परीक्षा. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, हजारो व्होल्ट सोडतो आणि ईसीजीचे लीड्स, म्हणजे पेशंटला जोडलेल्या तारा, छातीवर लावलेलेच असतात. त्यातली ऊर्जा मॉनिटरकडे पळाली तर हृदयाला शॉक कमी पडणार. म्हणून केबलच्या आतच प्रत्येक लीडला रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, घालतात, बऱ्याचदा १ किलोओहमचा. स्टँडर्डप्रमाणे मॉनिटर जोडलेला असल्यामुळे पेशंटपर्यंत पोचणारी ऊर्जा १० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये.

लीडच्या टोकाची पिनही आता प्लॅस्टिकच्या आत लपलेली असते. पूर्वी ती उघडी असायची, आणि अमेरिकेत अशा उघड्या पिना चुकून विजेच्या कॉर्डमध्ये घुसवल्या गेल्या आणि लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर १९९७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, उघड्या पिनांवर बंदी आणणारा नियम काढला.

पण सगळ्यात जास्त घोळ ऑक्सिजनच्या प्रोबमध्ये, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात त्या चिमट्यामध्ये, होतो. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७०च्या दशकात जे तत्त्व शोधलं त्यावरच आजचे प्रोब चालतात, बोटातून साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि पलीकडे कुठला किती पोचला ते मोजायचं. आता गंमत अशी की हा प्रकाश देणाऱ्या प्रत्येक एलईडीची वेव्हलेंग्थ थोडी वेगळी असते, आणि ६६० च्या जवळ हिमोग्लोबिन किती प्रकाश शोषतं त्याचा आलेख एवढा उतरता आहे की थोड्या नॅनोमीटरचा फरकही आकड्यात दिसतो. मग प्रोबच्या कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर किंवा मेमरी चिप बसवतात, माझे एलईडी कसले आहेत हे तो मॉनिटरला सांगतो. दोन कंपन्यांचे ९ पिनांचे कनेक्टर अगदी सारखे दिसतात, घट्ट बसतातही, पण आतली भाषा वेगळी असते. मॉनिटरवर काहीच आलं नाही तर निदान समजतं, आकडा आला आणि तो चुकीचा असला तर जास्त धोका.

कारखान्यात सोल्डरिंग झालं की जोडावर आधी आतलं मोल्डिंग करतात, मग बाहेरचं, आणि तोंडाशी खाचांची लवचिक शेपटी ठेवतात, कारण केबल मोडते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी. वरचं आवरण पीव्हीसीचं असलं तर सॅनिटायझर आणि स्पिरिटने पुसून पुसून कडक होऊन तडकतं, टीपीयू हे रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक त्यापेक्षा बरंच टिकतं. शेवटी केबल हजारो वेळा वाकवून बघतात, हाय व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासतात. खरेदी करताना मॉनिटरचं मॉडेल आणि आतली ऑक्सिजन मोजण्याची टेक्नॉलॉजी, दोन्ही ऑर्डरमध्ये लिहा, नुसता कनेक्टरचा फोटो पाठवू नका, आणि आलेली केबल वापरण्याआधी सिम्युलेटरवर, म्हणजे पेशंटसारखे सिग्नल देणाऱ्या यंत्रावर, लावून हलवून बघा.